ग्रंथालयातला गोष्टींचा तास: दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तो कसा आखावा

दोन वर्षांचं मूल ग्रंथालयात एकटं येत नाही. आई, बाबा, आजी, आजोबा किंवा सांभाळणारी ताई त्याला घेऊन येते, मांडीवर बसवते आणि परत नेते. आठवड्यातला जेमतेम अर्धा तास ते तुमच्यासमोर असतं, बाकी सगळा वेळ त्या माणसाबरोबर. म्हणून आखणी करताना मी मुलं मोजत नाही, जोड्या मोजते: एक मूल आणि त्याच्याबरोबरचं एक मोठं माणूस. त्या जोडीला घरी गेल्यावरही मिळून पुस्तक उघडावंसं वाटलं, तर तास साधला. जागा, पुस्तकं, गाणी, प्रश्न, सगळं याच हिशेबाने ठरवायचं.

आधी वय, मग वेळ

वीस महिन्यांचं मूल आणि पाच वर्षांचं मूल यांना एकाच तासात बसवलं, तर दोघांपैकी एकाचा विरस होतोच. शक्य असेल तर दोन गट करा: दीड ते तीन वर्षं आणि तीन ते सहा वर्षं. लहान गटाला १५ ते २० मिनिटं पुरेत. मोठा गट २५ ते ३० मिनिटं रमतो. नावात ‘तास’ असला तरी त्याहून जास्त ताणू नका. मुलांना अजून हवं असतानाच थांबलेलं बरं. लहान गटात १०-१२ जोड्या झाल्या की जागा आणि आवाज दोन्ही अपुरे पडायला लागतात. मोठ्या गटात १५-२० मुलं सांभाळता येतात.

एकच गट करणं भाग असेल, तर आखणी लहान्यांच्या बेताने करा आणि मोठ्यांना कामं द्या: पान उलटणं, खुळखुळे वाटणं, गोष्टीतल्या प्राण्याचा आवाज काढणं. मोठं मूल काम मिळालं की सोपी गोष्टही आनंदाने ऐकतं. उलट केलं, म्हणजे मोठ्यांसाठी आखून लहान्यांनी निभावून न्यावं अशी अपेक्षा ठेवली, तर ते साधत नाही.

दिवसातली वेळ ठरवताना झोप आणि भूक यांचा विचार करा. सकाळ निम्मी सरल्यावरची वेळ बहुतेक लहान मुलांना मानवते. पण नोकरी करणारे पालक मग येऊच शकत नाहीत, म्हणून एखादा तास सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवा. एकदा ठरवलेला वार आणि वेळ बदलू नका. सहा ते आठ आठवड्यांचं एक सत्र आणि मधे दोन आठवडे विश्रांती, असा बेत मला सर्वांत टिकाऊ वाटतो. विश्रांतीच्या काळात पुढची पुस्तकं निवडून होतात, फाटलेली चित्रं डकवून होतात.

जागा

वाचणाऱ्याच्या मागे मोकळी भिंत हवी. मागे खिडकी असेल तर उजेडामुळे पुस्तक काळपट दिसतं, आणि दार असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे सगळ्यांच्या माना वळतात. हाताला लागतील अशी खेळणी आणि पुस्तकांचे खालचे कप्पे चादरीने झाका. जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा घाला. आजी-आजोबांसाठी आणि ज्यांना खाली बसता येत नाही अशांसाठी मागे नाही, तर रांगेतच कडेला दोन-चार खुर्च्या ठेवा. बाबागाड्या कुठे लावायच्या आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे दारापाशीच चित्राने दाखवा.

वाचताना तुम्ही बुटक्या स्टुलावर बसा. उभं राहून वाचलं तर पुस्तक मुलांच्या नजरेच्या फार वर जातं, आणि मुलांच्या पातळीवर जमिनीवर बसलं तर मागच्यांना दिसत नाही.

पुस्तकं निवडणं

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. चांगलं पुस्तक असेल तर साधा वाचकही तास तारून नेतो, पण चुकीचं पुस्तक हातात असलं की कसलेल्या कथाकथनकारालाही ते जड जातं.

पहिली परीक्षा डोळ्यांची. पुस्तक उघडून भिंतीला टेकवा आणि दहा फूट मागे या. चित्रात काय चाललंय ते तिथून कळलं पाहिजे. मांडीवर घेऊन बघताना मोहक वाटणारी, बारीक तपशिलांनी भरलेली कितीतरी पुस्तकं इथेच गळतात. ती वाईट नसतात, ती एका मुलासाठी असतात. घरी न्यायच्या टेबलावर ठेवा.

दुसरी परीक्षा कानांची. पुस्तक मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. दीड ते तीन वर्षांच्या गटासाठी पानावर एक-दोन ओळी आणि एकूण तीन-चार मिनिटं, एवढंच. परत परत येणारी एखादी ओळ असेल तर उत्तम, कारण तिसऱ्यांदा ती ओळ आली की मुलं तुमच्या आधी म्हणतात. आवाज, प्राणी, अंघोळ, झोप, हरवलेली आणि सापडलेली वस्तू, लपाछपी हे विषय या वयाला पुरतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खरी गोष्ट हवी असते: कोणाला तरी काहीतरी हवंय, मधे अडचण येते, ती सुटते. पाच ते आठ मिनिटांची गोष्ट ही मुलं सहज ऐकतात. लोककथा इथे फार कामी येतात, कारण त्यांची बांधणी मुळातच ऐकण्यासाठी झालेली असते.

वाचताना जीभ अडखळत असेल, एखादं वाक्य म्हणावंसं वाटत नसेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवा. तुम्हाला न आवडलेलं पुस्तक मुलांना आवडल्यासारखं वाचता येत नाही. चांगली शिकवण देतं एवढ्याच कारणाने कुठलंही पुस्तक निवडू नका. निवडलेली पुस्तकं मुलांसारख्या वेगवेगळ्या घरांची, रंगांची, शरीरांची आहेत ना, एवढं मात्र सत्राच्या सुरुवातीला एकदा सगळी यादी समोर ठेवून बघा. मुलगे धाडस करतायत आणि मुली बघतायत, असं सहाच्या सहा पुस्तकांत निघालं तर यादी बदला.

खर्च करायला थोडी सवड असेल, तर एकाच जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या दहा-बारा प्रती घ्या. दर तासाला एकदा त्या वाटायच्या आणि सगळ्यांनी एकदम वाचायचं: मोठ्यांच्या मांडीवर मूल, मुलाच्या हातात पुस्तक, आणि तुम्ही पुढून तेच पुस्तक वाचताय. आधी एकदा सगळे मिळून, नंतर दोन मिनिटं प्रत्येक जोडी आपापली. लहान गटासाठी याहून उपयोगी गोष्ट मला माहीत नाही. पुस्तक कसं धरायचं, मुलाला पान कसं उलटू द्यायचं, मूल मधेच मागे गेलं तर त्याच्याबरोबर मागे कसं जायचं, हे मोठ्या माणसाला सांगावं लागत नाही, ते तिथेच करून बघतात.

लहान गटासाठी दोन पुस्तकं आणि एक राखीव, मोठ्या गटासाठी तीन आणि एक राखीव. राखीव पुस्तक सर्वांत छोटं असावं.

विषयाचं बंधन घालायचं का, हा प्रश्न नेहमी येतो. ‘आजचा विषय: पाऊस’ असं ठरवलं की फलक सुंदर सजतो, पण मग पावसावरचं दुसरं-तिसरं पुस्तक केवळ पावसावर आहे म्हणून आत येतं. दोन वर्षांच्या मुलाला विषय कळतही नाही. मी विषय फक्त तेव्हाच घेते, जेव्हा त्या विषयावरची दोन खरोखर चांगली पुस्तकं आधीच हातात असतात.

क्रम लावणं

लहान गटासाठी साधारण असा क्रम जमतो: स्वागताचं गाणं, प्रत्येकाचं नाव घेऊन, ३ मिनिटं. बोटांचा खेळ, दोनदा, २ मिनिटं. पहिलं पुस्तक, दोन्हींतलं मोठं, ४ मिनिटं. उठून करायचं अभिनयगीत, ३ मिनिटं. सगळ्यांनी हातात घेऊन वाचायचं पुस्तक, ४ मिनिटं. खुळखुळे किंवा ओढण्या घेऊन एक गाणं, २ मिनिटं. निरोपाचं गाणं, १ मिनिट. एकोणीस मिनिटं झाली.

बसणं आणि हलणं आलटून-पालटून येतंय, हे यातलं मुख्य. सर्वांत लांब गोष्ट नेहमी पहिली, कारण लक्ष तेव्हा सर्वांत ताजं असतं. स्वागताचं आणि निरोपाचं गाणं पूर्ण सत्रभर बदलायचं नाही. रडत आलेलं मूल तिसऱ्या आठवड्यात स्वागताचा पहिला सूर ऐकून शांत होतं, कारण आता काय होणार हे त्याला ठाऊक असतं.

मोठ्या गटात याच सांगाड्यात एक गोष्ट पुस्तकाशिवाय सांगा: फ्लॅनेल बोर्डावर, म्हणजे मऊ लवदार कापड लावलेल्या फळ्यावर, चित्रं लावत, हातमोजा बाहुलीने, किंवा नुसती तोंडी. जपानमध्ये कामिशिबाई नावाचा प्रकार आहे. लाकडी चौकटीत एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायची आणि त्या चित्राबरोबरचा मजकूर पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहिलेला असतो. पुठ्ठे आणि एक चौकट एवढ्यावर तो करता येतो आणि मागच्या रांगेलाही नीट दिसतो.

वाचण्याचा सराव

प्रत्येक पुस्तक तासाआधी किमान तीनदा मोठ्याने वाचा, त्यातलं एकदा तरी आरशासमोर. पुस्तक छातीसमोर धरलं की मान खाली जाते आणि आवाज गळ्यात अडकतो. ते चेहऱ्याच्या शेजारी, एका हाताने खालून मधोमध धरा आणि तिरपं बघत वाचायची सवय करा. छोटा मजकूर पाठच असू द्या. पुस्तक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा, मग पान उलटा. पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. गोष्टीतली सगळी उत्कंठा त्या क्षणात असते. नवं पुस्तक असेल तर आधीच पानं नीट उघडून मोकळी करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी मिटतं.

वेग तुम्हाला वाटतो त्याहून कमी ठेवा. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देण्याची गरज नाही. कुजबुज आणि मोठा आवाज, हळू आणि भरभर, एवढे दोन फरक पुरतात. अनोळखी शब्द सोपे करून वाचू नका. जेसिका मोंटॅग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १०० चित्रपुस्तकांचा मजकूर आणि मोठी माणसं मुलांशी करतात ती रोजची बोलणी ताडून पाहिली, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळे शब्द जास्त आढळले. तेच शब्द तुम्ही वाचता वाचता बदलून टाकलेत, तर मूल एका मोठ्या लाभाला मुकतं. चेहऱ्याने, हाताने अर्थ दाखवा आणि पुढे जा.

मुलं चित्रं बघतात, अक्षरं नाही. मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबाँ यांनी २००५ मध्ये मुलांच्या नजरेचा माग घेऊन हे दाखवलं. म्हणून मोठ्या गटात शीर्षकाखाली बोट फिरवा, पुन्हा पुन्हा येणारी ओळ मोठ्या अक्षरात असेल तर तिच्याखालीही. प्रत्येक शब्दावर बोट ठेवत गेलात तर गोष्ट मरते. एका पुस्तकात दोन-तीनदा पुरे.

प्रश्न किती, कसे

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांना नुसतं वाचून न दाखवता मुलाशी बोलत वाचायला शिकवलं, आणि महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं इतरांपेक्षा पुढे गेलेलं दिसलं. ती पद्धत चार पावलांची आहे. विचारा: “हे कोण?” मूल म्हणतं, “भू-भू.” दखल घ्या: “हो, कुत्रा!” भर घाला: “काळा कुत्रा, केवढा मोठा!” आणि म्हणून घ्या: “म्हण बरं, काळा कुत्रा.”

पण ही पद्धत एका मुलाबरोबरची आहे. पंधरा मुलांसमोर प्रत्येक पानावर प्रश्न विचारला तर पंधरा उत्तरं येतात आणि गोष्ट कुठे होती ते कोणालाच आठवत नाही. गटात एका पुस्तकात दोन प्रश्न, तेही आधी चिठ्ठी चिकटवून ठरवलेले. दोन वर्षांच्यांना “कुठाय?” आणि “काय?” विचारा, म्हणजे बोट दाखवूनही उत्तर देता येतं. चार-पाच वर्षांच्यांना “आता काय होईल?” किंवा “तू असतीस तर काय केलं असतंस?” विचारा. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. ती शांतता तुम्हाला लांबलचक वाटेल. मुलाला शब्द शोधायला तेवढा वेळ लागतोच. खरी संवादाची जागा मी मघाशी सांगितलेल्या सामूहिक वाचनात, जोडी-जोडीने.

गाणी आणि बडबडगीतं

प्रत्येक गाणं लागोपाठ दोनदा म्हणा. पहिल्या वेळी मुलं बघतात, दुसऱ्या वेळी करतात. हातवारे मुलाला जमतील एवढ्या संथ गतीने. शब्द मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीवर लावा, मोठ्यांसाठी. शब्द येत नसले की ती गप्प बसतात आणि त्यांच्याकडे बघून मुलंही. आवाज गोड नसला तरी गा. ध्वनिमुद्रित गाणं तुमच्यासाठी थांबत नाही, मुलाकडे बघून पुन्हा पहिल्या ओळीवर येत नाही.

गाण्यात शब्द सुरांवर विभागले जातात, म्हणून शब्दातले तुकडे कानाला वेगळे कळतात; पुढे वाचायला शिकताना हीच जाण लागते. मोठ्या गटात टाळ्यांचा खेळ घ्या: ‘वाघ’ एक टाळी, ‘हत्ती’ दोन, ‘फुलपाखरू’ तीन. मग मुलांची नावं.

मोठ्या माणसांशी बोलणं

सुरुवातीलाच, हसत, स्पष्ट सांगा: तुम्ही गायलात तर मूल गाईल, फोन पिशवीत ठेवा, मूल फिरलं तरी चालेल, रडायला लागलं तर बाहेर जाऊन शांत झाल्यावर नक्की परत या. हे शेवटचं वाक्य दर वेळी म्हणा. मूल रडलं म्हणून ओशाळून गेलेले पालक पुन्हा येत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्यांनाच या तासाची जास्त गरज असते.

अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या आणि बालसेवा ग्रंथपालांच्या संघटनांनी मिळून २००४ मध्ये पालकांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. २०११ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी पालकांना पाच साध्या कृती सांगितल्या: बोला, गा, वाचा, लिहा, खेळा. मला ही मांडणी आवडते, कारण ती कोणत्याही घरात चालते. दर तासाला यातल्या एकाच कृतीबद्दल दोन वाक्यं बोला, आणि तीही ती कृती घडत असताना. “आता आपण टाळ्या वाजवल्या ना, हे अंघोळीच्या वेळीही करता येईल.” एवढंच. भाषण सुरू झालं की मुलं सुटतात.

घरची भाषा वेगळी असलेल्या पालकांना सांगा की घरी आपल्याच भाषेत गोष्ट सांगा, गा. त्यांना तयारी असेल तर त्यांच्या भाषेतलं एक गाणं तासात घ्या आणि सगळ्यांना शिकवा.

तेच पुन्हा

दर आठवड्याला सगळं नवं हवं, हा भार उगाचच घेतला जातो. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला. काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे तितक्याच वेळा आले. तीच गोष्ट परत ऐकणाऱ्यांनी ते शब्द जास्त शिकले. म्हणून प्रत्येक तासातला निम्मा भाग मागच्याच आठवड्यातला ठेवा: दोनातलं एक पुस्तक, जवळजवळ सगळी गाणी. सहा आठवड्यांच्या सत्राला सात-आठ पुस्तकं आणि सहा गाणी पुरतात. यामुळे तुमची तयारी निम्म्यावर येते, आणि मोठ्यांना गाणी पाठ होतात. पाठ झालेलं गाणंच घरी म्हटलं जातं.

हमखास येणाऱ्या अडचणी

फिरणारं मूल ऐकत असतं. त्याला बसवण्यासाठी गोष्ट थांबवू नका. पुस्तकाला चिकटून उभं राहणाऱ्या मुलाला मांडीशी बसवा किंवा हातात एक बाहुली द्या. अर्धा गट चुळबुळ करायला लागला, तर पुस्तक संपवण्याचा हट्ट सोडा: उरलेली पानं चित्रं दाखवत दोन वाक्यांत सांगा आणि सगळ्यांना उभं करा. बाहुलीला घाबरणारी मुलं असतात. बाहुली दुरून दाखवा, त्यांच्या अंगाजवळ नेऊ नका.

आवाजाचा, गर्दीचा त्रास होणारी मुलं, स्वमग्न मुलं, कमी ऐकू येणारी मुलं तुमच्या तासाला येणार, हे धरूनच चाला. क्रमाची चित्रं एका पट्टीवर लावा आणि एकेक झालं की उलटा. खुळखुळे वाजण्याआधी “आता मोठा आवाज होणार” असं सांगा. जवळच एक शांत कोपरा असू द्या. डोळ्यांत बघ, नीट बस, असा आग्रह कोणालाच करू नका. ओठ दिसतील असं बसा.

हस्तकला ठेवायचीच असेल तर मोठ्या गटासाठी आणि तासानंतर. मोठ्यांनी कापून तयार केलेले पक्षी चिकटवण्यापेक्षा मोठा कागद आणि जाड खडू द्या. मुलाने ओढलेल्या रेघा हीच त्याच्या लिहिण्याची सुरुवात. तीन वर्षांखालच्यांच्या हाती लहान वस्तू नकोत. अमेरिकी खेळणी-नियमांत यासाठी सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती या वयाला धोक्याची. खुळखुळे घट्ट बंद आहेत ना, हे दर वेळी तपासा आणि तासानंतर सगळे पुसून ठेवा, कारण ते तोंडात जातातच. फोटो काढायचे असतील तर पालकांची परवानगी आधी घ्या.

तास संपल्यावर

निरोपाचं गाणं झालं की लगेच आवरायला घेऊ नका. पुढची पंधरा मिनिटं तुमच्या वेळापत्रकातच धरा. वाचलेली आणि तशीच आणखी वीसेक पुस्तकं मुखपृष्ठं वर दिसतील अशी बुटक्या टेबलावर मांडा. मुलांच्या हातून ती निवडू द्या, पुस्तक नोंदवण्याची सोय तिथेच करा आणि सभासद नसलेल्यांचा अर्ज तिथेच भरून घ्या. इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅममध्ये सुमारे ३०० बाळांच्या कुटुंबांना पुस्तकं देऊन बुकस्टार्ट हा उपक्रम सुरू झाला, आणि पुढे तो देशभर गेला. पुस्तक बाळाच्या घरी पोचलंच पाहिजे, हा त्याचा आग्रह. फाटेल म्हणून लहान मुलांना पुस्तकं घरी न देणाऱ्या ग्रंथालयात गोष्टींचा तास अर्धाच राहतो. फाटतील, डकवायची पट्टी ठेवा.

मग वहीत चार ओळी लिहा: किती जोड्या आल्या, कोणतं पुस्तक जमलं, कोणत्या पानावर लक्ष उडालं, कोणतं गाणं पुन्हा मागितलं गेलं. आणि एक पाचवी, किती जोड्या पुस्तक घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्याची आखणी त्या पाचव्या ओळीपासून सुरू करा.